एकवचन-अनेकवचन हा गणिताचा तास नव्हे

बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीची सराव परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरात गाळलेली जागा होती: ‘द टीम … डिव्हायडेड ओव्हर देअर कॅप्टन’. पर्याय दोन, ‘इज’ आणि ‘आर’. एका मुलानं ‘आर’ लिहिलं आणि त्याचा मार्क गेला. संघ एक, म्हणून क्रियापद एकवचनी, असा उत्तरसूचीचा निकाल. मुलाच्या वडिलांनी जाऊन विचारलं, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘इंडिया आर’ म्हणतात ते मग कसं चालतं? एवढ्यावरून सुरू झालेलं बोलणं शाळेच्या फाटकाबाहेर पडलं आणि बघता बघता दोन तट झाले. एक म्हणतो, मराठी माध्यमाच्या पोरांना एक आणि अनेक यांतला फरकही कळेनासा झालाय, आता तरी शाळा बदला. दुसरा म्हणतो, अर्थ पोचला की झालं, ‘एस’ लागला काय नि नाही लागला काय, इंग्रजांना जाऊन पाऊणशे वर्षं झाली. दोन्हीकडची माणसं पोरांच्या काळजीनंच बोलतायत, पण ज्या गोष्टीवरून भांडतायत ती कुणी नीट पाहिलेलीच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगायला हवं. इंग्रजीतला कर्ता-क्रियापदाचा मेळ म्हणजे वस्तू मोजणं, असं दोन्ही तटांनी न तपासता धरून ठेवलंय. एकाला वाटतं पोरांना मोजता येत नाही, दुसऱ्याला वाटतं मोजायची गरज नाही. मेळ ठरतो तो रूढीनं. त्या रूढीचा मोठा भाग पक्का आहे आणि थोड्या भागावर खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही आजवर एकमत झालेलं नाही. पक्का भाग कसून घोटून घ्यावा, वादाचा भाग वादाचा आहे असं सांगून शिकवावा आणि त्यावर कुणाचा मार्क कापू नये. हे समजायला सीमाभागातल्या पोराला इतर कुणापेक्षा कमी कष्ट पडतील, कारण वेगवेगळ्या भाषांचे वेगवेगळे मेळ तो रोज सांभाळत असतो. त्याच्या या कमाईकडे आपण अडचण म्हणून बघतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

मोजण्याचा नियम किती टिकतो ते गणपत गल्लीच्या बाजारात उभं राहून बघा. कोथिंबिरीच्या पेंडीचा भाव मराठीत सांगताना बाई म्हणते, ‘दहा रुपये झाले’. नामही अनेकवचनी, क्रियापदही अनेकवचनी. शेजारची कन्नड बाई म्हणते, ‘हत्तु रूपायी आयितु’. आकडा दहाचा, पण ‘रूपायी’ला अनेकवचनाचा प्रत्यय नाही आणि क्रियापद एकवचनी. इंग्रजीत काय म्हणायचं? ‘टेन रुपीज इज इनफ’. इथे नाम अनेकवचनी आणि क्रियापद मात्र एकवचनी, कारण ती एक रक्कम धरली जाते. तेच रुपये नाण्यांच्या रूपात टेबलावर पसरलेले असतील तर इंग्रजी क्रियापद पुन्हा अनेकवचनी होतं. भाव एकच, पैसे तेवढेच, पेंडीही तीच. मग या तिघींपैकी चुकीचं कोण मोजतंय?

धान्याचंही तेच. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली मुलगी म्हणते, ‘यंदा भात चांगलं पिकलं’, ‘आईनं तांदूळ निवडले’, ‘भात शिजला’. शेतात उभं असताना नपुंसकलिंगी एकवचन, सुपात आल्यावर पुल्लिंगी अनेकवचन, पातेल्यात पुल्लिंगी एकवचन. एकाच पिकाचे हे तीन मेळ तिला कुणी तक्ता लावून शिकवले नाहीत आणि त्यांत ती कधी चुकत नाही. इंग्रजीत शिजवलेलं असो की कच्चं, ‘राइस’ एकवचनीच. पण इंग्रजी स्वतः तरी कुठे सुसंगत आहे? ‘व्हीट’ म्हणजे गहू एकवचनी, ‘ओट्स’ म्हणजे ओट अनेकवचनी. दोन्ही दाणेच, दोन्ही पोत्यातच भरले जातात. आपली कात्री, आपला चष्मा, आपली विजार एकेकटी. इंग्रजीत तिन्हींना अनेकवचनी क्रियापद. उलट केस आपल्याकडे पिकतात ते अनेकवचनात, तिकडे डोक्यावरचे सगळे केस मिळून एकवचन. यात मोजायला काही जागाच नाही. प्रत्येक भाषेनं कधीतरी ठरवून टाकलं आणि बोलणारे तसं बोलत राहिले.

मेळाला संख्येशिवाय इतर गोष्टीही चिकटलेल्या असतात, हे तर आपल्या घरातच दिसतं. ‘गुरुजी आले’ म्हणताना आपण किती गुरुजी आले ते सांगत नाही, आदर सांगतो. कन्नडातही एकाच मास्तरांसाठी ‘मेष्ट्रु बंदरु’ असं अनेकवचनच येतं. सीमाभागातल्या मुलाच्या दोन्ही भाषा त्याला सांगतात की मोठ्या माणसाचं क्रियापद अनेकवचनी ठेवायचं. मग त्यानं वहीत ‘माय फादर आर अ फार्मर’ लिहिलं तर ते गणितातलं अडाणीपण कसं? बापाबद्दल एकेरी बोलायला त्याची जीभ तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. (याच नियमानं आपण ‘बाबा आले’ म्हणतो आणि ‘आई आली’. आईच्या वाट्याला एकेरी का आलं, ती जवळीक की दुय्यमपणा, हा प्रश्न वेगळा आहे आणि कधीतरी विचारलाच पाहिजे.) ‘त्यानं आंबे खाल्ले’ यात मराठी क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता आंब्यांकडे बघतं; अशा भाषेतून येणारं पोर ‘ही हॅव ईटन मँगोज’ लिहितं तेव्हा त्याचा मेळ साफ तुटलेला नसतो, दुसऱ्या जागी जुळलेला असतो. आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही सगळीकडे आढळणारी चूक घ्या. मनात ‘माझा एक मित्र’ असतं, त्यात मित्र एकच, म्हणून ‘फ्रेंड’ एकवचनी राहतो. मनातलं वाक्य ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असं करून घ्या, ‘फ्रेंड्स’ आपोआप येईल. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्यांच्या नोकरीच्या अर्जातही ही चूक सर्रास दिसते, तेव्हा तिचं खापर मराठी शाळेवर फोडू नये. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे, हे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलंय. तो वाद ज्यांना घालायचाय त्यांनी उघडपणे घालावा. एका क्रियापदाच्या आडून घालू नये.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. बंगळूरला किंवा पुण्याला मुलाखतीला बसलेला माणूस असल्या कारणमीमांसा ऐकत नाही. ‘ही डोन्ट’ ऐकलं की तो मनातल्या मनात अर्ज बाजूला ठेवतो. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी आहे त्याची चूक लोक लकब म्हणून खपवून घेतात. अथणीच्या किंवा निपाणीच्या पोराची तीच चूक त्याच्या गावाची, शाळेची, भाषेची चूक ठरते. ज्याच्या पाठीशी दुसरं काही नाही त्याला प्रमाण भाषेचा नियम हाच आधार असतो, तो त्याच्या हातून काढून घेणारे त्याचे हितचिंतक नव्हेत. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच ‘अर्थ पोचला की झालं’ म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. हे ज्यांनी म्हणायचं ते बहुतेक वेळा स्वतः व्यवस्थित इंग्रजी बोलतात आणि आपल्या मुलांनाही तसंच शिकवतात. ‘शी गोज’मधला ‘एस’ दहावीपर्यंत प्रत्येक मुलाच्या हातात बसलाच पाहिजे.

पण तो का बसवायचा, याचं उत्तर खरं द्या. ‘कर्ता एक आहे म्हणून’ हे कारण टिकत नाही. ‘आय’ही एकच असतो, त्याला का लागत नाही ‘एस’? इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफॉक आणि सफॉकच्या जुन्या बोलीत ‘शी गो’ असंच म्हणतात. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या बोलींत उलट अनेकवचनी नामालाही ‘एस’ लागतो, ‘द बर्ड्स सिंग्ज’. हे सगळे जन्मानं इंग्रजी बोलणारे लोक. मग ‘शी गोज’ बरोबर का? प्रमाण इंग्रजीनं तो प्रघात स्वीकारला आणि परीक्षा, कचेऱ्या, वर्तमानपत्रं त्याच इंग्रजीत चालतात, म्हणून. मुलाला एवढं सांगितलं तर तो नियम पाळेल आणि स्वतःला मंदही समजणार नाही. तर्काच्या नावाखाली शिकवलं की जे तर्कात बसत नाही ते दिसताच तो गोंधळतो, आणि गोंधळ आपल्याच डोक्यात आहे असं धरून चालतो.

तर्काच्या नावानं मेळ सुधारायला निघालेल्यांचं पुढे काय झालं, ते इंग्रजीच्या इतिहासात नोंदलेलंच आहे. ‘यू’ हे मुळात अनेकवचन. एकाला उद्देशून ‘दाऊ’ म्हणत. आपण एकाच माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो तसं वडीलधाऱ्यांना, मग बरोबरीच्यांना, मग सगळ्यांनाच ‘यू’ म्हणायची रीत पडली. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याला ते असत्य वाटलं. एका माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं, असं म्हणून त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी १६६० साली केवळ एकवचन-अनेकवचनावर एक मोठा ग्रंथ काढला. अनेक भाषांचे दाखले दिले आणि एकाला ‘यू’ म्हणणाऱ्यांना मूर्ख ठरवलं. न्यायाधीशांपुढेही ‘दाऊ’ म्हणून क्वेकरांनी रोष ओढवून घेतला. गणितानं फॉक्सचंच बरोबर होतं, पण ‘दाऊ’ व्यवहारातून गेलं. पुढच्या शतकात लोकांनी आपण होऊन एक तोडगा काढला: अनेकांना ‘यू वेअर’, एकाला ‘यू वॉज’. सुशिक्षित लोकही तसं लिहीत. मोजणीच्या दृष्टीनं याहून नेटकं काय असणार? पण पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथनं १७६२ च्या आपल्या व्याकरणात ‘यू वॉज’ला घोर चूक ठरवलं आणि ते हळूहळू अशिष्ट मानलं गेलं. आज एका माणसाला ‘यू आर’ म्हणतो तेव्हा आपण एकासाठी अनेकवचनी क्रियापद वापरतो आणि जगातली कुठलीही उत्तरसूची त्याला हरकत घेत नाही. जे मोजून बरोबर होतं ते प्रमाण भाषेतून बाद झालं, जे मोजून चूक होतं ते टिकलं. मग ‘टीम एक, म्हणून इज’ हे वाक्य फळ्यावर कुठल्या तोंडानं लिहायचं?

अमेरिकेचं उदाहरणही असंच आहे. तिच्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना ‘युनायटेड स्टेट्स’साठी अनेकवचनी सर्वनाम आलंय. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ च्या दुरुस्तीतही ‘देअर’ आहे. आज मात्र ‘द युनायटेड स्टेट्स इज’ असंच लिहितात. घटना लिहिली तेव्हा राज्यं १३ होती, आज ५० आहेत. संख्या वाढत गेली आणि क्रियापद अनेकवचनाकडून एकवचनाकडे आलं, कारण लोकांच्या मनात तो देश एक झाला. आणि अगदी जवळचा दाखला हवा असेल तर आपला कायदा आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १३ सांगतं की कायद्याच्या भाषेत पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही आल्या, एकवचनात अनेकवचन आलं आणि अनेकवचनात एकवचन. ब्रिटिश पार्लमेंटनं १८५० मध्येच असा नियम केला होता. जिथे एका शब्दावर माणसाची जमीन जाते किंवा राहते, त्या कोर्टातही एक-अनेकाचा अर्थ संदर्भ पाहून लावतात. शाळेच्या सराव परीक्षेनं त्याहून कडक का असावं?

शिक्षकांची एक तक्रार इथे ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खरी आहे. वर्गात मुलं भरपूर, तपासायच्या वह्यांचा ढीग, त्यात जनगणनेची आणि निवडणुकीची कामं; अशा माणसाला ‘हेही बरोबर, तेही बरोबर’ परवडत नाही. त्याला एक स्पष्ट नियम हवा. शिवाय दोन्ही चालतं म्हटलं की मुलं सगळंच चालतं असं ऐकतात. मान्य. पण वादाचा भाग फार मोठा नाहीच. टीम, कमिटी, गव्हर्नमेंट यांसारखी समूहवाचक नामं: अमेरिकेत बहुधा एकवचन, ब्रिटनमध्ये अर्थ पाहून दोन्ही, आणि क्रिकेटचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं म्हणून ‘इंडिया आर’. ‘नन’ आणि ‘नीदर’: शास्त्र्यांचा आग्रह एकवचनाचा, पण चांगले लेखक शतकानुशतकं दोन्ही लिहीत आलेत. ‘डेटा’: मूळ लॅटिन अनेकवचन, चालू वापरात बहुधा एकवचन. ‘एव्हरीवन’च्या मागून येणारं ‘देअर’, ज्याचा एकवचनी अर्थानं वापर चौदाव्या शतकापासून लेखी सापडतो. झालं. ही यादी पोस्टकार्डावर मावेल. यापलीकडे ‘ही गो’, ‘दे वॉज’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘फर्निचर्स’, ‘इन्फर्मेशन्स’ या प्रमाण इंग्रजीत चुकाच आहेत आणि त्या लाल शाईनं खुणावाव्यात. आपल्याकडची जुनी शालेय व्याकरणंसुद्धा सांगतात की समूहातली माणसं वेगवेगळी वागत असतील तर क्रियापद अनेकवचनी करावं, आणि कप्तानावरून फुटलेला संघ वेगवेगळा वागत नसेल तर कोण? म्हणजे त्या मुलाचं उत्तर उदारमतानं चालवून घ्यायचं नव्हतंच, ते परंपरेनंही बरोबर होतं. स्पष्ट नियमाच्या नावाखाली इथे चुकीचा नियम लावला गेला.

अजून एक भीती आहे आणि ती जास्त खोल आहे. इंग्रजीत ढील दिली की मराठीतही येईल, असं आमच्याकडची जाणती मंडळी म्हणतात. आधीच बेळगावची मराठी कन्नडमिश्रित म्हणून हिणवली जाते, उरलेला मेळही गेला तर भाषेला धरायला काय राहील? या भीतीमागे गेल्या सत्तर वर्षांची सीमाभागाची वेदना आहे आणि तिची टवाळी करणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. पण हिणवतात ते कशाला, तेही बघा. बेळगाव-खानापूरकडे, आणि कोल्हापूर भागातही, कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी गेलो होतो’ असं बोलतात. पुण्याच्या कानाला तो लिंगाचा तुटलेला मेळ वाटतो. कन्नडात प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगच नसतं. ‘नानु बंदे’ पुरुषही म्हणतो आणि बाईही. शेजारच्या भाषेची ती सावली असेल, नसेल, पण त्या बायका नियमाशिवाय बोलत नाहीत. त्यांचा नियम ठरलेला आहे: ‘ती आली’ म्हणताना त्याच बायका स्त्रीलिंग कधी चुकवत नाहीत. माझ्या आजीच्या तोंडचं ‘येतो’ ऐकून कुणी हसलं की मला राग येतो. मग नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्या पोराच्या ‘आर’ला हसताना आपण त्याच हसणाऱ्यांच्या रांगेत उभे राहतो हे दिसू नये? प्रमाण भाषा शिकवायची, जरूर शिकवायची. पण प्रमाण भाषेबाहेरचं सगळं अडाणी, हे त्याबरोबर शिकवलं की मूल आधी आजीची भाषा टाकतं आणि मग तोंडच उघडत नाही. मराठी टिकवायची असेल तर इंग्रजीच्या तासाला तिच्याशी असं वैर करून चालणार नाही.

करायचं काय, हे त्यामानानं सोपं आहे. उत्तरसूची तयार करणाऱ्यांनी वरच्या वादग्रस्त जागांवर दोन्ही उत्तरं मान्य असं लिहावं, किंवा असे प्रश्न एका मार्कासाठी विचारूच नयेत. उतारा देऊन कारण लिहायला सांगावं. ‘इथे अनेकवचन का?’ याचं मराठीत लिहिलेलं उत्तरसुद्धा मुलाला कळलंय की नाही ते गाळलेल्या जागेपेक्षा जास्त दाखवेल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या शिबिरांत एक सत्र मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांच्या मेळाच्या तुलनेला द्यावं. त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. कन्नड माध्यमाच्या मुलालाही ‘माय फादर आर’ याच कारणानं सुचू शकतं, तेव्हा दोन्ही माध्यमांच्या इंग्रजी शिक्षकांनी एकत्र बसून पानभर उदाहरणं काढावीत: गुरुजी आले, मेष्ट्रु बंदरु, द टीचर हॅज कम; दहा रुपये झाले, हत्तु रूपायी आयितु, टेन रुपीज इज इनफ. भाषेच्या प्रश्नावर या गावात दोन्ही बाजूंचे शिक्षक एका टेबलाशी बसण्याचे प्रसंग कमी येतात. या कामाला सरकारी आदेश लागत नाही, निधी लागत नाही, आणि पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत ते पान दोन्हीकडच्या वर्गांत पोचू शकतं.